बिडाच्या मॅनिफोल्डवर आळ कशाला?

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक मत इतके घट्ट रुजले आहे की त्याला आता मत म्हणणेही कठीण. ते सोवळे होऊन बसले आहे. इंजिनाची ताकद वाढवायची म्हटली की पहिले काम काय? तर कंपनीने दिलेला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून भंगारात टाकायचा आणि त्या जागी वाकवलेल्या, चकचकीत पोलादी नळ्यांचा संच बसवायचा. हे ज्याने केले तो जाणकार. ज्याने केले नाही तो एकतर कंजूष, नाहीतर अडाणी. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आसपास एखाद्या पबच्या आवारात रविवारी चार जुन्या एमजीबी उभ्या राहिल्या आणि एकीचे बॉनेट उघडले, की लोकांची नजर कार्ब्युरेटरवर जात नाही, हेडवर तर नाहीच. "अजून बीडच ठेवलंय?" इंग्रज म्हातारे हे जरा सौम्यपणे विचारतात. पुण्या-कोल्हापूरहून इथे नोकरीला आलेली आपली तरुण इंजिनियर मुले तेवढाही आडपडदा ठेवत नाहीत. "काका, एवढं हेडचं काम करून घेतलंत आणि हे धूड तसंच? पैसे पाण्यात घातलेत!"

पैसे पाण्यात! या ठाम सुराचा मला मनापासून वैताग येतो. मतभेदाचे वावडे नाही. पण हे सांगणाऱ्या बहुतेकांनी तो मॅनिफोल्ड एकदाही हातात घेऊन त्याच्या तोंडातून आत डोकावलेले नसते. ऐकीव गोष्ट पुढे ढकलायची आणि वर दुसऱ्याची कीव करायची, असा हा प्रकार आहे.

विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच सगळ्यात धारदार शब्दांत मांडतो, म्हणजे मी सोयीचे तेवढेच उचलले असे कुणी म्हणायला नको. ते म्हणतात: इंजिन म्हणजे हवेचा पंप. जळलेला वायू नीट बाहेर गेला नाही तर ताजी हवा आत येणार कुठून? बिडाचा मॅनिफोल्ड हा कारखान्याने चार पैसे वाचवण्यासाठी ओतलेला, आतून खडबडीत ठोकळा. तो तसाच ठेवून कॅम बदलणे आणि हेड घासणे म्हणजे नाकात बोळे घालून शर्यतीत उतरणे. नळ्या लावल्या की ताकद वाढतेच, खालपासून वरपर्यंत. रेसच्या सगळ्या गाड्यांना नळ्या असतात, ते काय वेडे आहेत? आणि नळी बसवल्यावर गाडी मोकळी होते हे तर कानांनाच कळते.

ऐकायला चोख. आता एकेक सोलून पाहू.

पहिली गोष्ट, नाकात बोळे आहेत हे ठरवले कुणी? हवेतल्या गप्पा नकोत म्हणून एकच इंजिन घेऊ. एमजीबी १९६२ साली बाजारात आली. तिचे इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सीरिजचे, १,७९८ सीसी, ९५ बीएचपी. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १,४८९ सीसीचे इंजिन याच घराण्यातले, त्यामुळे मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. या इंजिनाला सिलिंडर चार. पण हेडमधून बाहेर पडणारी एक्झॉस्टची तोंडे किती? तीन. एक आणि चार नंबरच्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड, दोन आणि तीन नंबरला मिळून मधले एक. म्हणजे दोन आणि तीनचा धूर हेडच्या पोटातच एकत्र आलेला असतो. बाहेर तुम्ही चांदीच्या नळ्या लावा, आत एकत्र झालेला धूर वेगळा कसा करणार? मंत्र टाकून?

हे एकत्र येणे नुकसानीचे आहे असे कुणाला वाटेल, तर त्याने स्पार्कचा क्रम पाहावा: एक, तीन, चार, दोन. तीनचा धूर सुटल्यानंतर दोनचा सुटेपर्यंत क्रँकची एक पूर्ण फेरी होते. एक आणि चार यांच्यातही नेमके तेवढेच अंतर. म्हणजे या जोड्यांतले सिलिंडर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आता बिडाचा मॅनिफोल्ड उलटा करून पाहा. बाहेरच्या दोन फांद्या एकमेकींना मिळतात, मधली स्वतंत्र खाली येते, तळाशी दोन तोंडे, त्यांना दोन डाउनपाइप, आणि ते पुढे खाली जाऊन एक होतात. जिला कॅटलॉगवाले 'फोर-टू-वन' म्हणून मिरवतात, ती हीच जोडणी आहे. ती बिडात ओतून अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीबरोबर फुकट दिली होती. आणि तुम्ही ती भंगारात टाकून तिचीच पोलादी नक्कल विकत घेता. वर मलाच विचारता, पैसे पाण्यात का घातले म्हणून!

दुसरी गोष्ट, नळ्या लावल्या की ताकद 'वाढतेच'. कशाने? जी मंडळी हे सांगतात त्यांना कारण विचारले की गाडी 'मोकळी होते' यापलीकडे उत्तर मिळत नाही. कारण आहे, आणि ते मोठे सुरेख आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात असतो. नळी जिथे मोठ्या पाइपात उघडते तिथून ती उलटी होऊन, म्हणजे ओढीची लाट बनून, परत येते. ती परत येईल त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतील, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ती खेचून नेते आणि ताजी हवा आत ओढते. नळीची सगळी जादू या एका क्षणात आहे.

मग दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा क्षण किती मोठा? एमजीबीच्या मूळ कॅमवर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात ते क्रँकच्या जेमतेम ३७ अंशांपुरते, आणि त्यातही फटीएवढे. रेसच्या कॅमवर हाच काळ, म्हणजे ओव्हरलॅप, दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. दारच किलकिले असेल तर ओढ कितीही लावा, आत येणार किती? दुसरा प्रश्न: लाट वेळेवर परत यायची तर नळीची लांबी नेमकी हवी. ढोबळ हिशेबाने ५,००० आरपीएमला ती मीटरभराच्या आसपास लागते, ७,००० ला दोन फुटांच्या जरा वर. बाजारातून आणलेली तुमची नळी कुणाच्या कॅमसाठी, कुठल्या आरपीएमसाठी कापली होती? विचारले होते विकणाऱ्याला? चुकीच्या वेळी परत आलेली लाट मदत करत नाही, आडवी येते. 'खालपासून वरपर्यंत ताकद वाढते' हे वाक्य म्हणजे भौतिकशास्त्राशी केलेली उघड बेइमानी आहे.

याच ओघात आमच्या बाजूच्या एका खुळचट बचावाचाही निकाल लावतो. बिडाची तरफदारी करणारे काही जण सांगतात, की इंजिनाला 'बॅकप्रेशर लागतेच'. मुळीच लागत नाही. मागचा दाब कुठल्याही इंजिनाच्या हिताचा नसतो. हवा असतो तो वायूचा वेग, आणि अवाढव्य नळीत तोच मरतो. असल्या वकिलापेक्षा बिडाला वकील नसलेला बरा.

तिसरी गोष्ट, बीड म्हणजे कारखान्याची चिंधीचोरी. कारखान्यांना नळी माहीत नव्हती? फोर्डने १९६३ च्या कॉर्टिना जीटीला चार फांद्यांचा नळ्यांचा मॅनिफोल्ड कारखान्यातूनच दिला, कारण त्या इंजिनाला तो हवा होता. इथून तासाभरावरच्या कॉव्हेंट्रीत जॅग्वारने काय केले? १९६१ साली ई-टाइप आणली, २६५ बीएचपीचा दावा छातीठोकपणे केला, आणि एक्झॉस्टला लावले बिडाचे दोन मॅनिफोल्ड, तीन-तीन सिलिंडरांना एक. त्यावर काळाभोर मीना चढवला, कारण लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याच एक्सके इंजिनाच्या बळावर १९४९ साली बेल्जियममध्ये याबेकच्या सरळ रस्त्यावर एक्सके-१२० ताशी १३२ मैलांच्या पुढे गेली होती. हे लोक पैसे वाचवणारे अडाणी होते, आणि आपण कॅटलॉग चाळणारे शहाणे?

बीड कारखान्याने का निवडले हे कळायला एमजीबीचे बॉनेट उघडून पाच मिनिटे नीट पाहावे लागते. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. एक्झॉस्टच्या डोक्यावरच दोन एसयू कार्ब्युरेटर बसलेले. दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँज शेजारी शेजारी, आणि मधल्या स्टडवर एक जाडजूड वॉशर. तो अर्धा इकडच्या, अर्धा तिकडच्या फ्लँजवर बसून एकाच नटाने दोघांना दाबतो. दोन्ही फ्लँज एका जाडीच्या असतील तरच हे गणित जमते. बाजारच्या नळ्यांची फ्लँज जरा पातळ निघाली, की वॉशर तिरका बसतो. मग एकतर एक्झॉस्ट फुसफुसतो, नाहीतर इनटेक चोरून हवा ओढतो. मिश्रण पातळ होते, आयडलिंग लटपटते, आणि मालक आठवडाभर बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतो. ताकद वाढवायला निघालेल्या माणसाने असलेली घालवली, आणि त्याला पत्ताही नाही.

त्यात उष्णता. जाड बीड आपली उष्णता बरीचशी धरून ठेवते. पातळ पोलादी नळी ती सरळ वर, कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाट्यांवर ओकते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि अशा पेट्रोलची वाफ व्हायला निमित्तच लागते. बोरघाटात बॉनेट उघडून, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून गाडी थंड व्हायची वाट पाहणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना व्हेपर लॉक म्हणजे काय हे सांगायला नको. तो आता तुम्ही लेस्टरच्या रिंगरोडवर, सिग्नलच्या रांगेत, स्वखर्चाने आणणार? यावर उपाय म्हणून नळीला पट्ट्या गुंडाळतात. इंग्लंडच्या ओल्या हवेत ती पट्टी ओलावा धरते आणि नळी खालून गंजून जाते. एका चुकीला दुसरीची पट्टी! ताशी वीस मैलांच्या वेगमर्यादेच्या गल्ल्यांत, स्पीडब्रेकरवर नळीचे खाली लोंबणारे पोट घासते ते आणखी वेगळेच.

चौथी गोष्ट, रेसच्या गाड्या. इथे लेस्टरमध्ये रॉजर क्लार्कचे नाव निघतेच, आणि निघायलाच हवे. इथल्याच नारबरोचा हा माणूस १९७२ आणि १९७६ अशी दोनदा आरएसी रॅली जिंकला. "त्याच्या एस्कॉर्टला होत्या ना नळ्या?" होत्या. पण त्या एस्कॉर्टला इंजिन कुठले होते, हे कोण विचारणार? बीडीए: सोळा व्हॉल्व्ह, इनटेक एका बाजूला, एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, प्रत्येक सिलिंडरला आपले तोंड, आणि दिवसभर उंच आरपीएमवर किंचाळणारे. त्या इंजिनाला नळी शोभते. तेवढे मी मान्य करतो: ओव्हरलॅप मोठा, कॅम उग्र आणि सुई सतत ७,००० च्या आसपास असेल, तर नळी बसवा, खुशाल बसवा. पण तुम्ही दर रविवारी ए-४७ वरून चहाला जाता की किल्डर फॉरेस्टमध्ये रॅलीची स्टेज करायला?

रेसची उदाहरणेच द्यायची तर एक मीही देतो. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगचा एक वर्ग आहे, ज्यात गाडी बाहेरून कारखान्यातून आल्यासारखीच दिसावी लागते: अरुंद जुन्या पद्धतीचे टायर आणि कंपनीच्या घडणीचे बिडाचे मॅनिफोल्ड. त्याचे नावच 'फास्ट'. अशा गाड्यांनी पाव मैल अकरा सेकंदांच्या आत तोडला आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीच्या कितीतरी पट ताकद त्या 'ठोकळ्या'तून बाहेर पडते. कशी? कारण नळी लावायची पळवाट बंद झाल्यावर त्या लोकांनी उरलेल्या इंजिनावर मन लावून काम केले. बोळे नाकात नव्हते, डोक्यात होते.

फार लांब कशाला, मॅलरी पार्क इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ पासून तिथे शर्यती चालतात. तिथल्या एका लांबलचक वळणाला लेस्टरच्याच बॉब जेरार्डचे नाव आहे. १९४८ च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये हा माणूस युद्धापूर्वीच्या जुन्या ईआरए रेसकारमध्ये तिसरा आला, पुढच्या वर्षी दुसरा. त्याच मॅलरीच्या शॉज हेअरपिनमधून बाहेर पडताना उपयोगी पडतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. फक्त वरच्या टोकाला भांडणारी नळी तिथे काय दिवे लावणार?

पाचवी गोष्ट, आवाज. इथे तर विरोधकांचे सगळे शास्त्र कानात उतरते. पातळ नळीतून आवाज जास्त येतो, बीड तो गिळते, आणि आवाज वाढला की ताकद वाढली, असा सरळ हिशेब. हा आजार फक्त इंग्लंडचा नाही. बुलेटचे सायलेन्सर बदलून फटफट करत हिंडणाऱ्यांचे सायलेन्सर पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले आहेत. त्यातल्या किती बुलेट एका किलोमीटरने तरी जोरात पळत होत्या? गाडी जोरात ओरडते आहे आणि जोरात पळते आहे, या दोन गोष्टींत फरक करता येत नसेल, तर रोलिंग रोड नावाची वस्तू भाड्याने मिळते. पट्टा बांधा, चाके फिरवा, आकडा घ्या. तेही नको तर मॅनिफोल्डच्या खाली पाइपला एक छोटे भोक पाडून प्रेशर गेज लावा आणि पूर्ण थ्रॉटलवर किती दाब साठतो ते बघा. दाब साठत असेल तर मी मान खाली घालतो. पण आधी तो खाली सायलेन्सरमध्ये साठत नाही ना, एवढे तपासा. ज्या लेस्टर शहरात टेलर हॉब्सन कंपनीने १९४१ साली टॅलिसर्फ हे यंत्र बनवले, धातूवरचा डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा सुई फिरवून मोजून दाखवला, त्या शहरात ताकदीचा निकाल कानाने लावायचा?

ताकद असते कुठे? पाहायला तयार असाल तर सांगतो. हॅरी वेस्लेक या माणसाने आयुष्य हवेच्या वाटा घडवण्यात घालवले. बीएमसीच्या हेडमधला बदामी आकाराचा ज्वलनकक्ष त्याचा, जॅग्वारच्या एक्सके हेडवरही त्याचाच हात. त्याने आधी हेडकडे पाहिले. एमजीबीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटच्या अलीकडे-पलीकडे जो अर्धा इंच आहे, तिथे सगळे भांडण आहे. सीट एकाच अंशात न कापता तीन अंशांत कापा. तिच्या पाठीमागचा गळा गोलाईने उघडा. व्हॉल्व्हच्या कडेला ज्वलनकक्षाची भिंत अंगावर येते ती जरा मागे घ्या. कॉम्प्रेशन ८.८ वरून साडेनऊच्या आसपास न्या. डिस्ट्रिब्युटरच्या थकलेल्या स्प्रिंगा आणि डुगडुगणारी दांडी बदला, कारण वेळ चुकलेल्या ठिणगीने जेवढी ताकद जाते तेवढी कुठलीही नळी परत आणत नाही. एसयूच्या सुया नव्या मिश्रणाला जुळवून घ्या. सौम्य कॅम घ्या. आणि त्या बदनाम बिडाचे काय? त्याचे तोंड हेडच्या तोंडाशी आणि गॅसकेटशी जुळवा. ओतकामाची कड आत आली असेल तर ती घासून टाका. आतली खडबड तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. बिघडते ते जोडावरच्या पायरीने. बस्स. एवढे केलेली एमजीबी मूळ गाडीहून कितीतरी तडफेने पळते. बिडासकट, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता.

मग हे सगळे सोडून लोक आधी नळीच का घेतात? उत्तर इंजिनात नाही, माणसात आहे. सीट कापलेली बॉनेट उघडल्यावर दिसत नाही. स्प्रिंग बदललेली दिसत नाही. नळी दिसते. ती पुड्यात घरी येते, शनिवारी बसते, रविवारी मिरवता येते. हेडचे काम मात्र मशीनवर वाकून, मोजून, पुन्हा मोजून करावे लागते, आणि ते करणाऱ्या कारागिराला पैसे मोजावे लागतात. म्हणून आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ज्या कोल्हापुरात शेकडो फाउंड्र्या रोज बीड ओततात, तिथून आलेल्या पोरांनी तरी बिडाला 'धूड' म्हणू नये. त्यातली अक्कल त्यांच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती.

तेव्हा स्पष्ट सांगतो. रस्त्यावर चालणाऱ्या एमजीबीचा बिडाचा मॅनिफोल्ड हा अडथळा नाही. अडथळा आहे असे म्हणणाऱ्याने तो मोजून दाखवावा. आधी हेड, मग कॉम्प्रेशन, मग ठिणगी, मग मिश्रण, मग कॅम. हे सगळे चोख झाल्यावर, रोलिंग रोडच्या कागदावर आलेख वरच्या टोकाला कुंठलेला दिसला आणि गेजने बिडाकडे बोट दाखवले, तरच नळीची चर्चा सुरू होऊ शकते. त्याआधी नाही. मित्राने सांगितले म्हणून नाही, रॉजर क्लार्कच्या गाडीला होती म्हणून नाही, आवाज छान येतो म्हणून तर अजिबात नाही. आणि आकडा हातात नसताना दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये वाकून "पैसे पाण्यात" म्हणणाऱ्याला एकच उत्तर आहे: पैसे ज्याने पाण्यात घातले त्याच्या गाडीला चकचकीत नळ्या आहेत. माझे पैसे हेडमध्ये आहेत, आणि ते चढावर वसूल होतात.